वैजूची चालायची शर्यत

तास होत आला तरी कावळा शिवेना. येरळेच्या कोरड्या पात्रात आम्ही साठ-सत्तर माणसं उन्हात उभी होतो. समोर वाळूवर केळीच्या पानात आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, नावाचा भात होता. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते, माना वाकड्या करून बघतही होते, पण खाली एकही येत नव्हता.

तात्या, म्हणजे माझे चुलते, पानापुढं हात जोडून उभे होते.

“आण्णा, निवासची काळजी करू नगंस. औंदा त्याचं लगीन लावतो.”

निवास म्हणजे मी. कावळे ढिम्म.

“वैनीला काय कमी पडू देणार न्हाय.”

एक कावळा उडाला आणि आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

“हिरीच्या मोटरीचं भांडान मिटवतो,” तात्या म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. कावळ्यालाही ते खरं वाटलं नसावं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, त्याची तंबाखू ठिवा की! जीव तिच्यात अडकला आसंल!”

सगळ्यांना एकदम पटलं. ‘कुणाकडं हाय का’ म्हणून तात्यांनी मागं वळून बघितलं आणि साठ-सत्तर माणसांचे हात एकाच वेळी खिशात गेले. तोंडाच्या कॅन्सरनं मेलेल्या माणसाच्या दहाव्याला आलेली ही माणसं. त्यात सगळ्यात आधी पुढं झाला तो माझा हात. नुकतंच डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर, आणि त्या धोतराच्या कनवटीला मी मावा खोचून आणला होता.

पुडी उघडून भाताशेजारी ठेवली. दोन मिनिटांत कावळा आला, चोच मारली, भाताचं शीत घेऊन गेला. “शिवला, शिवला!” लोक म्हणाले. बायका रडल्या. तात्यांनी डोळे पुसले, वाळूतली पुडी उचलली, तिच्यावर फुंकर मारली आणि चिमूटभर मावा गालात धरला.

“आण्णाचा परसाद हाय,” म्हणाले आणि उरलेला माझ्यापुढं केला.

मला किळस आली. तात्यांची आली, त्या लोकांची आली, पण सगळ्यात जास्त आली ती माझ्या तोंडाला सुटलेल्या पाण्याची. मी हात पुढं केला आणि घेतला.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. विट्यात यंत्रमागावर कामाला जायचो. आण्णाही तिथंच होते. मागावर झोप येऊ नये म्हणून सगळेच काही ना काही चघळतात. आण्णांनी तीस वर्षं चघळलं. शेवटी त्यांच्या उजव्या गालाला आरपार भोक पडलं. पाणी पाजलं की त्यातून बाहेर यायचं. घरात असा वास भरून राहायचा की शेजारच्या बायका दारातूनच चौकशी करून परत जायच्या. मला तो वास सहन व्हायचा नाही. मग मी काय करायचो? वास मारायला तोंडात मावा धरायचो. ज्यानं बापाचा गाल खाल्ला तेच गालात धरून मी बापाजवळ बसायचो, आणि तेही पाच मिनिटं.

मिरजेच्या डॉक्टरांनी एकदा आण्णांना तपासता तपासता माझ्याकडं बघितलं. “तू पण आ कर,” म्हणाले. बॅटरी मारून बघितलं. मग म्हणाले, “तुझंही सुरू झालंय. आज सोडलंस तर आहे तिथं थांबेल. नाही सोडलंस तर या खुर्चीत तू बसशील, वडलांएवढा म्हातारा व्हायच्या आधी.” मी मान हलवली. बाहेर येऊन आधी काय केलं ते सांगायला नको. आईला यातलं एक अक्षर बोललो नाही.

दहाव्याच्या दुपारी कनवटीचा मावा संपला म्हणून मी स्टँडवर गेलो. आमच्या गावच्या एसटी स्टँडला लागून किसनआबा जानकरांची पानटपरी होती. दहा ते चार आबा शेतात असायचे आणि टपरीवर त्यांची मुलगी बसायची, वैजयंता. गाव तिला वैजू म्हणायचं, आणि आमची टोळी बदक म्हणायची. कारण ती चालायच्या शर्यती करायची. पळायच्या नाही, चालायच्या. कंबर हलवत, कोपरं मारत भल्या पहाटे विट्याच्या रस्त्यानं झपाझप जायची. आम्ही पुलाच्या कठड्यावर बसून पिंका मारायचो आणि ती गेली की ‘पॅक पॅक’ करायचो. माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

“एक मावा,” मी म्हणालो.

तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं. “कावळा शिवला म्हणं.”

“तुझ्याच माव्याला शिवला.”

“ऐकलं. सकाळधरनं येईल त्यो तेच सांगतोय.” ती प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घेऊन तळहातानं घोटायला लागली.

माझं डोकं फिरलं. “लाज वाटत न्हाय का गं? तुमीच मारलंसा त्यास्नी.”

तिचा हात थांबला नाही. “व्हय, आमीच मारलं. रोज सकाळी माझ्या हातनं न्यायचं आण्णा. शेवटी शेवटी तर तोंड उघडायचं न्हाय, मग बोटानं आत सारायचं. सगळं बघितलंय मी.” तिनं कागदाला पीळ देऊन दोरा गुंडाळला आणि पुडी माझ्यापुढं धरली. “घेतोस का न्हाय?”

मी घेतली. तिच्या टपरीसमोर मुद्दाम थुंकलो.

“थुकायचं तर तिकडं लांब जाऊन थुक,” ती म्हणाली. “हितलं मलाच धुवाय लागतंय.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी घराबाहेर पडलो. आईनं अंथरुणं जाळली होती, शेणानं दोनदा सारवलं होतं, तरी मला वास येतच होता. विट्याच्या रस्त्याला लागलो तर समोरून वैजू आली. त्या दिवशी मी एकटाच होतो आणि एकट्यानं ‘पॅक पॅक’ करायला जीभ वळेना. ती पुढं गेली, लिंबापाशी वळली आणि परत आली. का कुणास ठाऊक, मी तिच्या बाजूनं चालायला लागलो. वीस पावलांत मला पळावं लागलं.

“पळत का न्हाईस त्यापरास?” मी धापा टाकत विचारलं.

“पळलं की बाद. एक पाय कायम भुईला पायजे. दोन्ही उचललं की पंच लाल खूण करतंय. तीन खुणा झाल्या की बाहेर.”

“मग ह्याला शर्यत कशाला म्हणायचं? म्हातारी माणसं बी चालत्यात की.”

“तू चालून बग. धा मिन्टं झाली की पाय पळाय मागत्यात. हाता-पाया पडत्यात पळू दे म्हणून. त्यास्नी पळू द्यायचं न्हाय, एवढंच हाय बग ह्यात.”

“आन हे कशासाठी?”

तिनं कोपरानं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “सा तास त्या खोक्यात बसून मी निस्त्या पिंका बघती. सकाळचा एक तास तरी डोळ्याम्होरं कुणी थुकाय नको.”

मी तोंडातली पिंक गिळली. घशात आग झाली. फेरी मारून पुन्हा लिंबापाशी आलो तशी ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडं निरखून बघायला लागली.

“रविवारी विट्याला येतोस?”

“कशाला?”

“जिल्ह्याच्या निवडीची शर्यत हाय. धा किलोमीटर. पाणी धराय माणूस लागतंय. मी न्हाय म्हणल्यावर आबास्नी टपरी सोडता येत न्हाय.”

“मीच का?”

“तुझं टक्कल लांबनं दिसतंय. बाकीची सगळी एकसारखीच दिसत्यात.” हे ती अगदी गंभीरपणे म्हणाली. “पर एक हाय. तोंडात काय आसलं तर येऊ नगंस. ग्लास घेताना तुझा वास आला की मला मळमळतंय. आदल्या दिसापासनंच बंद कर.”

मला राग यायला हवा होता. स्वतःच्या हातानं घोटून देणारी पोरगी मला वासाचं सांगत होती. पण मी ‘येतो’ म्हणून बसलो. बापाचं तेरावं शनिवारी होतं. शनिवारी पंगती उठल्या, पान-सुपारीचं तबक फिरलं, आणि मी ते पुढच्याकडं सरकवलं. “का रं, पॉट बिघडलंय काय?” तात्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली.

रविवारी सकाळी नऊला शर्यत सुरू झाली. कॉलेजच्या फाटकापासून अर्धा किलोमीटर जायचं आणि परत यायचं, अशा दहा फेऱ्या. नऊ मुली होत्या. रस्त्याच्या कडेला पाण्याचं टेबल होतं आणि तिथून हलायचं नाही अशी पंचांनी ताकीद दिली होती. माझी अवस्था वाईट होती. डोकं ठणकत होतं, तळहाताला घाम सुटला होता, दात सळसळत होते. मुली कंबर हलवत निघाल्या तशी बघ्यांत खसखस पिकली. कुणी शिट्टी मारली. माझ्याशेजारी उभा राहिलेला एक जण “आयला, काय चालत्यात!” म्हणत रस्त्यावरच पिचकन थुंकला आणि पुढच्या फेरीला वैजूचा पाय त्या पिंकेवरून गेला. मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग लक्षात आलं, पुलाच्या कठड्यावर बसून मी दोन वर्षं हेच करत होतो.

सहाव्या फेरीपर्यंत ती तिसरी होती. फळ्यावर तिच्या नंबरापुढं दोन लाल खुणा होत्या. आणखी एक झाली की संपलं. ऊन चढलं होतं. सातव्या फेरीला मागची एक मुलगी तिच्या बरोबरीला आली. ती मुलगी सरळसरळ पळत होती, माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. पंच लांब, वळणावर उभे होते. आमच्यापुढं पंच कुणीच नव्हता.

“पळ की!” मी ओरडलो. “कोण बगत न्हाय! पळ!”

वैजूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुसरी पुढं निघून गेली.

आठव्या फेरीला ती टेबलाजवळ आली आणि तिनं ग्लासाला हात घातला नाही. तोंडाला हात लावला. तिचं पोट उचकलं आणि ती चालता चालताच ओकली. छातीवर, हातावर, रस्त्यावर. थांबली नाही. वाकलीही नाही. गुडघे तसेच ताठ, कोपरं तशीच चालू. माझ्या हातात पाण्याचा जग होता. मी टेबल सोडून तिच्याकडं धावलो. पंचाची शिट्टी वाजली.

“हात लावू नगंस!” ती किंचाळली. “मागं हो! बाद हुईन मी!”

मी जागच्या जागी उभा राहिलो. ती गेली. आंबट वास तेवढा मागं राहिला.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आण्णा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी आई गोठ्यात होती. मी दारात उभा होतो, गालात मावा. आण्णांना ओकारी येत होती. ओकण्यासाठी ठेवलेली पितळी खाटेखाली होती आणि त्यांचा हात पोहोचत नव्हता. त्यांना बोलता यायचं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, ती पितळी जरा धर. मी सरळ बघत होतो. सगळं दिसत होतं. आणि मी एक पाऊल मागं घेतलं, दाराच्या आड झालो, आणि मला काही दिसलंच नाही असं केलं. आण्णा अंगावर ओकले. आई आली, तिनं सगळं पुसलं. ते पुन्हा माझ्याकडं वळले नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडले, आणि सकाळी गेले. मला त्यांची किळस आली होती. माझ्या बापाची. दुसरं काही कारण नव्हतं, आणि आजही मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

रस्त्यावर दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी टेबलामागं जाऊन पुढचा ग्लास भरला. नवव्या फेरीला ती आली, मी हात लांब करून ग्लास धरला, तिनं घेतला, अर्धा डोक्यावर ओतला. आमची बोटंसुद्धा एकमेकांना लागली नाहीत.

शेवटची फेरी संपवून ती रेषेच्या पलीकडं आली. चार पावलं गेली आणि गुडघ्यावर बसली. आता हात लावलेला चालत होता. मी गेलो. ती पुन्हा ओकायला लागली आणि मी दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली. ओंजळ भरली, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आले. मला किळस आली. खोटं कशाला सांगू, भयंकर आली. पण मी मागं सरकलो नाही.

तोंड धुऊन झाल्यावर ती फळ्याकडं बघून आली. “चवथी,” म्हणाली. “तिघी जात्यात.”

“ती तिसरी पळत हुती.”

“व्हय.”

“पंचाला दिसलं न्हाय.”

“न्हाय दिसलं.”

“मग तू का न्हाय पळलीस? तुझं बी दिसलं नसतं.”

“मला दिसत हुतं की,” वैजू म्हणाली, आणि बूट काढून तळपायाचे फोड बघायला लागली.

परतताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मात्र जागा होतो आणि तहान लागावी तशी मला माव्याची ओढ लागली होती. दीड दिवस झाला होता. स्टँड आला. उतरलो तर समोरच टपरी. रविवार असल्यामुळं बाकावर पाच-सहा जण टेकलेले, तात्याही होते. किसनआबांनी आम्हाला बघितलं.

“काय झालं गं?”

“चवथी आली.”

“बरं,” आबा म्हणाले. त्यांना कळलं नाही हे चांगलं की वाईट. मग माझ्याकडं वळले. चेहरा उजळला. “निवासा, लई मदत केलीस लेका. सुतक फिटल्या फिटल्या पोरीसाठनं उनात उभा राहिलास. ये, बस.” आणि त्यांनी प्लॅस्टिकचा कागद पसरला. सुपारी जरा जास्तच टाकली, चुना बेतानं लावला, आणि मन लावून घोटायला लागले. “माझ्याकडनं घे. आज पेशल.”

वैजू पाण्याची बाटली हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग दुसरीकडं मान फिरवली. 

“नको आबा.”

“आरं घे की. दमलायस.”

“नको.”

“आसं करू नये,” तात्या बाकावरून म्हणाले. “मानसानं मानानं दिलेलं घ्यावं. काल तबकाला बी हात लावला न्हाईस. झालंय काय तुला? देवरुषी दावायचा काय?”

सगळे हसले. आबांनी पुडी माझ्या हातात कोंबली. कोमट होती. वास नाकापर्यंत आला आणि माझं तोंड भरून आलं. अजून दोन वाक्यं कुणी बोललं असतं तर मी ती उघडून तोंडात टाकली असती. मग मी जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. पुडी टपरीच्या फळीवर ठेवली, जमेल तेवढा आ केला, आणि उजव्या हाताची बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घातली. दोन गेली. तिसरं दातावर आपटलं.

“दोनच जात्यात,” मी बोटं काढून म्हणालो. “मिरजेच्या डॉक्टरांनी दावलं. चांगल्या मानसाच्या तोंडात तीन जायाला पायजेत. आण्णांच्या एक बी जात नव्हतं. माझं सुरू झालंय तात्या.”

 स्टँडवर एक गाडी येऊन लागली, कंडक्टरनं दार आपटलं. बाकावरच्या एका माणसानं हळूच, कुणी बघत नाही अशा बेतानं, आपली बोटं तोंडाकडं नेली. मग शेजारच्यानं नेली. तात्यांनी आधी पिंक टाकली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि मग बोटं घातली. भर दुपारी स्टँडच्या बाकावर पाच-सहा बाप्ये तोंडात बोटं घालून बसले होते. लालभडक तोंडं, ओघळलेली लाळ, किडके दात. इतकं किळसवाणं दृश्य मी पुन्हा बघितलं नाही. आज एकवीस वर्षं झाली. मी मध्ये दोनदा घसरलो, पण शेवटी सोडलं. तात्यांनी नाही सोडलं, ते गेले. पण त्या घटकेला सगळ्यांचे डोळे सारखेच भ्यालेले होते.

फक्त आबांनी हात उचलला नाही. ते फळीमागं उभे राहून, गालातला मावा तसाच धरून, आडकित्ता पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

वैजूनं बाटली खाली ठेवली. फोडांमुळं लंगडत ती फळीच्या या बाजूला येऊन बापासमोर उभी राहिली.

“आबा, आ करा,” ती म्हणाली.

आबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.